पगार सुरू, अनुदान बंद

महाराष्ट्रात दिव्यांग माणसाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे हवे असतील तर त्याच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असावं लागतं. बाराने भागलं तर महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये होतात. एवढ्या पैशांत मुंबईत कुटुंब राहतं असं कुणाला वाटत असेल तर त्याने गोवंडीत किंवा मालवणीत जाऊन एका खोलीचं भाडं विचारावं. घरातला एकच माणूस कमावता असला आणि तो वॉचमन किंवा हाउसकीपिंगच्या कामावर असला, तरी त्याचा पगार या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. नियम अक्षरशः पाळायचा ठरवला तर पगारदार माणूस असलेल्या मुंबईतल्या कुठल्याच घरातल्या दिव्यांगाला हे अनुदान मिळता कामा नये.

तरी ते मिळतं, कारण ४८ हजारांचे दाखले निघतात. अर्ज भरणाऱ्याला ते माहीत असतं, दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं. मी यातल्या कुणालाही दोष देणार नाही. सरकारने रेघच अशी आखली आहे की खरं सांगणारा बाहेर राहतो आणि गरज असलेल्या माणसाला आत यायला खोटं बोलावं लागतं. मग आयुष्यभर एक धाकधूक मागे लागते. कधी चौकशी लागेल, कोण तक्रार करेल, मुलगा कामाला लागला हे कुणाच्या कानावर जाईल, याची.

माझं म्हणणं ही मर्यादा वाढवा एवढंच नाही. या अनुदानाची सगळी रचना ‘माणूस कमवत नाही’ या पुराव्यावर उभी आहे, आणि म्हणून तो कमवायला निघाला की तीच त्याच्या आड येते. अपंगत्वापायी होणारा जादा खर्च ही एक गोष्ट आणि हाताशी उत्पन्न नसणं ही दुसरी. आपण दोन्ही एकाच अर्जात कोंबल्या आहेत. खर्चासाठीचे पैसे नोकरी लागल्यावरही चालू राहिले पाहिजेत आणि नोकरी गेली तर उत्पन्नासाठीचे पैसे नव्या अर्जाशिवाय पुन्हा सुरू झाले पाहिजेत. एवढं झालं नाही तोवर दिव्यांगांच्या रोजगारावरची भाषणं, मेळावे आणि कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग यांतून फार काही हाती लागणार नाही.

पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत आम्ही काहीजणी सुट्टीच्या दिवशी लोकांचे अर्ज भरून देतो. तिथे एक आई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. दोन कुबड्यांवर चालतो, बोलताना शब्द जरा ओढले जातात, पण समोरच्याने दोन मिनिटं थांबून ऐकलं की सगळं कळतं. बारावी झालेला, एमएससीआयटी केलेली, दोन्ही भाषांतलं टायपिंग येतं. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका कार्यालयात कागदपत्रं स्कॅन करून त्यांच्या नोंदी करायचं काम त्याला मिळत होतं. ठेकेदारामार्फत, हातात साडेबारा हजार. मुलगा खूश होता. आई मात्र खुर्चीच्या कडेवर बसलेली, आणि तिचा पहिलाच प्रश्न होता, ‘ताई, हा कामाला लागला की पैसे बंद करतील ना?’

आम्ही तिच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. घरापासून गोवंडी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा आहे, पण मागच्या सीटवर तिघांत कुबड्या घेऊन बसता येत नाही आणि रिक्षावालाही तेवढा वेळ थांबायला तयार नसतो. म्हणजे स्वतंत्र रिक्षा, किमान भाडं २६ रुपये, येऊन-जाऊन ५२. पुढे हार्बरने कुर्ल्यापर्यंत दिव्यांगांच्या डब्यातून. त्या डब्यात ऐन गर्दीच्या वेळी किती धडधाकट माणसं उभी असतात ते रोजच्या प्रवाशांना सांगायला नको. कुर्ल्याला उतरून पूल, आणि पुढे बीकेसी. बाकीचे लोक बसने किंवा शेअर रिक्षाने जातात. याला पुन्हा स्वतंत्र रिक्षा, एका बाजूचे पन्नास धरले तरी दिवसाचे शंभर. दिवसाला १५२ रुपये, पंचवीस दिवसांचे ३,८००. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या, तोच पगार घेणाऱ्या माणसाला हा खर्च नाही. त्यात अनुदानाचे २,५०० गेले. म्हणजे साडेबारा हजारांतले ६,३०० हातात येण्याआधीच संपले. उरले ६,२००. नऊ तासांचं काम आणि तीन तासांचा प्रवास यांच्या बदल्यात दिवसाला अडीचशेच्या आत.

आईने हिशोब शांतपणे ऐकला आणि म्हणाली, ‘नोकरी सहा महिन्यांची. अनुदान आयुष्याचं.’

मुलगा त्या नोकरीवर गेला नाही. कुणी म्हणेल, यांना फुकटची सवय लागली आहे. मला त्या बाईइतका नेमका विचार करणारं माणूस क्वचित भेटलं आहे. ठेका संपला, ठेकेदार बदलला की पोरगं घरी येणार हे तिला ठाऊक होतं. मग पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा पंधरा वर्षांच्या रहिवासाचे पुरावे, पुन्हा प्रस्ताव, त्यात त्रुटी, समितीची बैठक कधी होईल त्याची वाट. दरम्यान महिने जातात आणि त्या महिन्यांत घरात काहीच येत नाही. अनुदान कमी आहे म्हणून तिने नोकरी नाकारली नाही. ते एकदा सुटलं की परत मिळवायला किती वणवण करावी लागते हे तिने एकदा भोगलं होतं.

२०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांगांचं हे अनुदान दीड हजारावरून अडीच हजार केलं. हे चांगलं झालं आणि ते मोकळेपणी म्हटलं पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम मिळाली पाहिजे. कायदा २०१७ मध्ये लागू झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे दिव्यांग आणि इतर निराधार यांना एकच रक्कम मिळत राहिली. ती चूक आता दुरुस्त झाली. पण रक्कम वाढली आणि अट तशीच राहिली, त्याचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. आधी नोकरी धरली तर दीड हजार जायचे, आता अडीच हजार जातात. मदत वाढली तसा नोकरीचा धोकाही वाढला.

आणि हे सरकारला कळत नाही असं म्हणायला जागा नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. शहरातल्या गरीब घराचं उत्पन्न किती असतं याचा अंदाज मंत्रालयात होता, हे त्यावरून दिसतंच. मग एकाच राज्यात, एकाच तिजोरीतून, एका योजनेला अडीच लाख आणि दुसरीला ५० हजार हे कशाच्या आधारावर? धडधाकट बाईच्या घरात महिन्याला वीस हजार येत असले तरी तिला मदतीची गरज आहे हे मान्य. मला ते पटतं. पण व्हीलचेअरवरच्या बाईच्या घरात महिन्याला पाच हजार आले तर तिची गरज संपली, हे कुठल्या हिशोबात बसतं?

अपंगत्वाचा खर्च उत्पन्नाशी जोडायचा नसतो, हे तत्त्व आपल्याच कायद्यांत जागोजाग आहे. आयकर कायद्यात दिव्यांग करदात्याला ७५ हजारांची आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. त्याचा पगार किती का असेना. (नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, हा वेगळा अन्याय.) केंद्र सरकारच्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता दुप्पट मिळतो. राज्यात व्यवसाय कर माफ आहे. ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, इतर कामगारांना २१ हजारांची वेतनमर्यादा, तर दिव्यांगांना २५ हजारांची. म्हणजे जो कर भरण्याइतका कमावतो, ज्याची सरकारी नोकरी पक्की आहे, त्याच्याबाबतीत सरकार मान्य करतं की अपंगत्वाला पैसे लागतात आणि पगार सुरू झाल्याने ते लागायचे थांबत नाहीत. ठेकेदाराकडे साडेबारा हजारांवर जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र हे मान्य नाही. त्याच्या रिक्षाचे, कुबडीच्या रबराचे, फिजिओथेरपीचे, मदतीला एक माणूस घरी राहतो त्याच्या बुडालेल्या रोजगाराचे पैसे पहिल्या पगारासोबत हवेत विरून जातात असं धरलं जातं.

केंद्राची दिव्यांग निवृत्तिवेतन योजना तर याहून कोती आहे. महिन्याला ३०० रुपये. तेही अपंगत्व ८० टक्के असलं आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असलं तरच. तीनशे रुपयांत मुंबईत एकदा नीट डॉक्टरकडे जाऊनही येता येत नाही.

टक्केवारीबद्दलही बोलायला हवं, कारण सगळे दरवाजे तिच्यावर उघडतात नि बंद होतात. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे लोक ज्याला यूडीआयडी म्हणतात ते, ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० पिवळं आणि त्यावर निळं. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये सुरू केलेली अर्थसहाय्य योजनाही याच रंगांवर चालते. पिवळ्याला महिन्याला हजार आणि निळ्याला तीन हजार या हिशोबाने, सहा महिन्यांनी एकदा. डॉक्टर काढतात ती टक्केवारी शरीराची असते. त्या माणसाला काम मिळण्यात अडथळा किती आहे हे त्यातून कळत नाही. एक हात गेलेला हमाल आणि एक हात गेलेला वकील यांच्या कार्डावर एकच आकडा असतो, पण एकाचा धंदा त्या दिवशी संपतो आणि दुसऱ्याचा चालू राहतो. मानसिक आजार असलेल्या माणसाचं तर विचारूच नका. तपासणीच्या दिवशी तो बरा दिसला म्हणून आकडा खाली येतो आणि पुढच्या महिन्यात त्याला अंथरुणातून उठवत नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ केले. त्यातले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. नियम मात्र अजून डोळ्यांना दिसणाऱ्या अपंगत्वासाठीच लिहिल्यासारखे आहेत.

त्याच कायद्यातल्या कलम २४ मध्ये आणखी एक तरतूद आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विशेष सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून दोन वर्षं झाली आणि तरी काम मिळालं नाही, तर दिव्यांग माणसाला बेकारी भत्ता. ज्यांना सतत मदत लागते त्यांच्या सांभाळणाऱ्यासाठीही भत्ता. संसदेने मंजूर केलेला, राष्ट्रपतींची सही झालेला कायदा आहे हा. मुंबईत हा बेकारी भत्ता मिळालेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत, आणि या शब्दांच्या आड कुठलंही सरकार हवा तेवढा काळ बसून राहू शकतं.

इथे दिव्यांगांचा प्रश्न आणि एकूण बेकारांचा प्रश्न एकमेकांना येऊन मिळतात. मुंबईने बेकारी पाहिलेली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो पुन्हा कधीच गिरणीच्या आत गेले नाहीत. लालबाग-परळच्या घरांतून बायका पोळीभाजीचे डबे करायला लागल्या, पोरं शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागली. कुणी गावी परतलं. त्या घरांना महिन्याला चार पैसे देणारी कुठलीही व्यवस्था या शहरात नव्हती. आजही नाही म्हणावं इतकीच आहे. ईएसआयचा विमा असलेल्याला नोकरी गेल्यावर २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकतात. पण ज्याचा विमाच उतरवलेला नाही त्याला काय? आणि खेदाची गोष्ट अशी की हाताला कामाची हमी देणारी देशातली पहिली योजना याच राज्याची. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर लागला. मुंबईतल्या पगारदारांनी खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून इतकी वर्षं तो कर भरला. ते योग्यच होतं. पण मुंबईतल्या बेकाराला त्या हमीचा काही उपयोग नाही, कारण ती गावापुरती आहे.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणानुसार सहा, आठ, दहा हजारांचं विद्यावेतन, आधी सहा महिने आणि मग मुदतवाढ मिळून अकरा. मुलांनी कार्यालयांत काम केलं, मुदत संपली, घरी आली. पुढे काय याचं उत्तर नव्हतं म्हणून आंदोलनं झाली. मदतीला अशी शेवटची तारीख घातली आणि त्या तारखेपलीकडे काहीच ठेवलं नाही की जे होतं तेच झालं.

आता मालकांकडे वळते. कुठलंही अनुदान कितीही नीट रचलं तरी दारातच नकार असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात तीन टक्के होत्या. आणि ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून आजपर्यंत आपल्या कानांवर आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे आरक्षण संवर्गातल्या एकूण पदांवर मोजायचं. सांगितलं खरं, पण पदंच कमी होत चालली आहेत. सफाई, सुरक्षा, डेटा एन्ट्री, शिपाई, चालक ही कामं ठेक्यावर गेली. ठेकेदाराच्या माणसांवर आरक्षण कोण मोजणार? बारावी झालेल्या दिव्यांग मुलाला ज्या पायरीवरून सरकारी नोकरीत शिरता येत होतं, नेमकी तीच पायरी काढून घेतली गेली आहे.

खासगी कंपन्यांना कायदा सक्ती करत नाही. पाच टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच त्यात आहे. पण समान संधीचं धोरण लिहून जाहीर करणं हे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. सेबीच्या नियमांमुळे शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना आपल्याकडे दिव्यांग कर्मचारी किती हे वार्षिक अहवालात द्यावं लागतं. म्हणजे आकडे समोर आहेत. दलाल स्ट्रीटवर रोज त्या अहवालांतली नफ्याची पानं उलटली जातात. या एका तक्त्यावर एखाद्या भागधारकाने वार्षिक सभेत प्रश्न विचारला असं मी कधी वाचलं नाही. निदान महाराष्ट्र सरकारने स्वतः ज्यांच्याकडून खरेदी करतं, ज्यांना ठेके देतं, जमिनी देतं, त्यांच्यापुरती तरी अट घालायला काय हरकत आहे? निविदेत सतरा अटी असतात. त्यांत कामगारांत चार टक्के दिव्यांग ही अठरावी घालावी.

नकार देणारे लोक दुष्ट असतात असं माझं म्हणणं नाही. मुलाखत घेणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. याला काही झालं तर, याला टॉयलेटला जाता आलं नाही तर, ग्राहकाला त्याचं बोलणं कळलं नाही तर. ही भीती उपदेशाने जात नाही, सोयीने जाते. रॅम्प बांधायला, कमोडजवळ दांडा बसवायला, स्क्रीन रीडर घ्यायला किती खर्च येतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि तो खर्च कुणी वाटून घ्यायलाही येत नाही. वाजवी सोय न देणं हा भेदभाव आहे हे २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, सरकारने ते सक्तीचे करावेत. आणि मुंबई उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये आपणहून दखल घ्यावी लागली ती कशाची, तर फुटपाथच्या तोंडावर महापालिकेने रोवलेल्या खांबांची, ज्यांच्यामधून व्हीलचेअर जात नव्हती. घरातून निघालेला माणूस कार्यालयाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच या शहराने त्याला किती ठिकाणी अडवलेलं असतं, हे त्या एका प्रकरणावरून कळावं.

अनुदानाकडे परत येते. खर्चाचे पैसे वेगळे काढा असं म्हटलं की लोक विचारतात, जगात कुठे असं आहे का? ब्रिटनमध्ये आहे. तिथे २०१३ पासून ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ नावाची मदत मिळते. तुमचं उत्पन्न किती, तुम्ही नोकरी करता का, याच्याशी तिचा संबंध नाही. अपंगत्वामुळे रोजच्या जगण्याला जे जादा लागतं त्यासाठी ती आहे. तत्त्व म्हणून मला हेच हवं आहे. पण ब्रिटनकडून दुसराही धडा घ्यावा लागेल. तिथे माणूस काम करू शकतो का हे ठरवणारी वेगळी चाचणी २००८ मध्ये आली, ती खासगी कंपनीकडे दिली गेली, आणि इतके निर्णय अपिलात उलटले, इतका संताप झाला की २०१४ मध्ये त्या कंपनीने करार मुदतीआधीच सोडायचं ठरवलं. मार्च २०२५ मध्ये सरकारने पैसे वाचवण्यासाठी ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ मिळायला तपासणीत जे गुण लागतात त्यांची अट कडक करायचं ठरवलं. दिव्यांगांच्या संघटना रस्त्यावर आल्या, सत्ताधारी मजूर पक्षाचेच खासदार बंडाच्या पवित्र्यात उभे राहिले आणि १ जुलैला सरकारला ते कलम मागे घ्यावं लागलं. मदतीचं तत्त्व कितीही चांगलं असो, दारावरची तपासणी माणसाला संशयित मानून होऊ लागली की सगळं विटतं.

संशयाची साथ आपल्याकडेही आली आहेच. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं आणि बनावट प्रमाणपत्रांची चर्चा घराघरात पोचली. बनावट प्रमाणपत्र घेणारा खऱ्या दिव्यांगाची जागा चोरतो. त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण त्यानंतर पडताळणीचं जे सत्र सुरू झालं त्यात भरडले गेले ते खरे दिव्यांग. जन्मांध माणसाला पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं करून काय शोधायचं आहे? ज्याचा पाय कापला आहे त्याचा पाय परत उगवणार आहे का? जे अपंगत्व कायमचं आहे असं डॉक्टरांनी एकदा लिहून दिलं, ते दरवर्षी सिद्ध करायला लावणं हा छळ आहे. तीच गोष्ट केवायसीची. डोळे मिचकावून दाखवा म्हणणारी यंत्रणा अंध माणसाला आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या बाईला बँकेच्या दाराबाहेर ठेवते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं ते याच प्रकरणात.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो मी हलका मानत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर दिव्यांग होते, आणि तेव्हा प्रकार आठच मोजले होते. सगळ्यांना सगळं एकदम देता येणार नाही हे मला कळतं. पण त्याच जनगणनेत देशभरातल्या दिव्यांगांपैकी फक्त ३६ टक्के कुठलं ना कुठलं काम करणारे होते. बाकीच्यांत मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, हे धरूनही कामाच्या वयाची लाखो माणसं घरात बसून आहेत. त्यांच्या मागे प्रत्येक घरात आणखी एक माणूस, बहुतेक वेळा आई किंवा बहीण, काम सोडून बसलेली आहे. त्या दोघांचा बुडालेला रोजगार कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. नोकरी लागल्यावर अनुदान कापून सरकारचे अडीच हजार वाचतात, हा हिशोब कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात माणूस नोकरीवर जातच नाही. मग अनुदान द्यावं लागतं ते लागतंच, आणि त्याने कमावले असते ते साडेबारा हजारही कुणाच्या घरात येत नाहीत.

आणि पैका अजिबात नाही असंही नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असा राज्याचा आदेश आहे. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा आहे. या निधीतून कामावर जाणाऱ्या दिव्यांगांना प्रवासाचा भत्ता देता येईल. पगाराची पावती दाखवा आणि महिन्याचे पैसे खात्यात घ्या. आज कमवत नाही याचा पुरावा मागतो, तिथे कमावतो याचा पुरावा मागावा. याच निधीतून लहान दुकानदाराला, प्रिंटिंग प्रेसवाल्याला, दवाखान्याला रॅम्पचे आणि टॉयलेटचे पैसे देता येतील, अट एवढीच की त्याने एक माणूस कामावर ठेवावा.

राज्याच्या पातळीवर उत्पन्नाची मर्यादा लाडकी बहीण योजनेइतकी अडीच लाखांवर आणणं हा पहिला टप्पा. तेवढ्यानेही साडेबारा हजारांची नोकरी धरणारा मुलगा मर्यादेच्या आत राहतो. वर्षाला दीड लाख होतात ते. मर्यादा ओलांडली तर एका फटक्यात सगळं बंद न करता रक्कम हळूहळू उतरवावी. पण पैशाआधी, आणि जवळजवळ फुकटात होण्यासारखं एक काम आहे, ते परतीच्या हक्काचं. ज्याचं अनुदान नोकरीमुळे थांबलं त्याचं नाव यादीतून काढू नये, फक्त स्थगित ठेवावं. नोकरी सुटल्याचं पत्र किंवा पीएफची शेवटची नोंद आणून दिली की पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू व्हावेत. नवा अर्ज नको, नवी समिती नको, रहिवासाचे पुरावे पुन्हा नकोत. दोन वर्षांची मुदत ठेवली तरी चालेल. यासाठी संसदेत जावं लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला तेव्हा देशातलं असं पहिलं राज्य आपण, हे अभिमानाने सांगितलं गेलं. अनुदान देणारा विभाग आणि हा विभाग यांनी एकत्र बसून एक शासन निर्णय काढला, तर गोवंडीतल्या त्या आईला पुढच्या वेळी ‘पाठवा त्याला कामाला, पैसे कुठे जात नाहीत’ असं आम्हाला खात्रीने सांगता येईल. आज तसं सांगितलं तर ते खोटं ठरेल.